व्यवसाय व्यवस्थापनाचे पहिले धडे

(भाईंदर येथे महाविद्यालयीन अध्यापक, पालिकेतील कर्मचारी आणि आसपासच्या तालुक्यांतील पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. व्यवसाय व्यवस्थापनावर बोलावयाचे तर एखादा कारखानदार, बँकेचा अधिकारी किंवा वाणिज्य शाखेचा प्राध्यापक हवा. माहिती खात्यातील कला शाखेच्या पदवीधराचे येथे काय काम? शंका रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, शासनाच्या योजना लोकांपर्यंत नेण्याच्या कामात असताना एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे. योजना अडते तेव्हा पैसा कमी पडला असे कारण सांगितले जाते; पण जवळ जाऊन पाहिले तर कोणी कोणास काय सांगावयाचे, सही कोणी करावयाची आणि हिशेब कोणी ठेवावयाचा, हेच मुळात ठरलेले नसते. व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकाची पहिली प्रकरणे नेमकी याच गोष्टींना वाहिलेली असतात. तेव्हा हा विषय आपल्या सर्वांचा आहे.

आपल्या मुंबईत वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सिडनहॅम महाविद्यालयाची स्थापना १९१३ सालची. व्यवस्थापनाचे स्वतंत्र शिक्षण मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने आले. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या, आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. तेव्हा हे शिक्षण पदव्युत्तर होते आणि मूठभरांसाठी होते. १९९९ साली विद्यापीठाने व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणला आणि चित्र पालटले. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी थेट या विषयाकडे वळू लागली, आणि हा अभ्यासक्रम उपनगरांतील महाविद्यालयांत पोहोचला. २०२४ मध्ये अशा पदवी अभ्यासक्रमांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आणण्यात आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षाही घेण्यात आली. प्रवेशाची व्यवस्था, मान्यता, परीक्षा यांवर बरीच चर्चा झाली. वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते यावर तितकी झाली नाही, आणि मला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही अध्यापकास विचारून पाहा. ‘व्यवस्थापनाची तत्त्वे स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की, विद्यार्थी हेन्री फेयॉल यांची चौदा तत्त्वे ओळीने लिहून काढतो. कार्यविभागणी, अधिकार व उत्तरदायित्व, शिस्त, आज्ञेची एकसूत्रता, असे करीत करीत तो संघभावनेपर्यंत येतो आणि पूर्ण गुण घेऊन जातो. हे फेयॉल कोण होते, त्यांना ही तत्त्वे कोठे सापडली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. फेयॉल हे फ्रान्समधील कोळशाच्या खाणीचे अभियंता. १८६० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते कोमांत्री येथील खाणीत नोकरीस लागले. १८८८ साली कंपनी बुडण्याच्या बेतात असताना तिची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि त्यांनी ती सावरली. त्यांचे प्रसिद्ध लेखन १९१६ साली छापले गेले, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ खाणीत घालविल्यानंतर.

त्यांच्या टिपणवहीतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १८६१ साली एके सकाळी खाणीच्या आतल्या थरात काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. तरुण फेयॉलने दुसरा घोडा देण्याविषयी चिठ्ठी लिहून तबेल्यावर पाठविली. तबेल्याच्या रखवालदाराने घोडा देण्यास नकार दिला, कारण चिठ्ठीवर संचालकांची सही नव्हती. संचालक बाहेर गेलेले होते. त्यांच्या गैरहजेरीत सही कोणी करावयाची, हे कोणासही नेमून दिलेले नव्हते. तबेल्यात घोडे उभे होते, खाणीत माणसे उभी होती आणि त्या थरावरील दिवसाचे काम बुडाले. अधिकाराच्या जागी कोणी ना कोणी सदैव हजर असले पाहिजे, हा निष्कर्ष फेयॉलने त्या दिवशी टिपून ठेवला.

आपण हसलात, याचा अर्थ तो रखवालदार आपल्या ओळखीचा आहे. ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’ हे वाक्य उच्चारणारा प्रत्येक जण त्या तबेल्यापाशी उभा असतो. आणि न्यायाने पाहता दोष त्या रखवालदाराचाही नाही. त्याला तशी स्पष्ट ताकीदच होती. दोष व्यवस्थेचा, आणि व्यवस्था बदलता येते. मला वाटते, हा एक प्रसंग नीट समजलेल्या विद्यार्थ्याला चौदांपैकी तीनचार तत्त्वे पाठ न करताच समजतील.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, आपल्या विद्यार्थ्याची खाण कोणती? फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. मीरा-भाईंदर हे या शास्त्राच्या अभ्यासाला विलक्षण सोयीचे ठिकाण आहे. काही ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी येथे नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. एका पिढीत गावाचे महानगर झाले. पण जुने व्यवसाय पुरते पुसले गेले नाहीत. उत्तनच्या किनाऱ्यावर मच्छीमार बोटी आहेत, भाईंदरच्या खाडीलगत मिठागरे आहेत आणि भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. येथील महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी यांपैकी एखाद्या व्यवसायाचे मीठ खाल्लेले असते.

उत्तनच्या बोटीपासून आरंभ करू. बोटीचा मालक नाखवा; समुद्रावर हुकूम चालतो तो तांडेलाचा. नाखवा स्वतःच तांडेल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर किनारा सोडल्यावर मालकसुद्धा खलाश्यास परस्पर हुकूम देत नाही. जाळे केव्हा टाकावयाचे, केव्हा ओढावयाचे, हे एकच तोंड सांगते. भर समुद्रात दोन तोंडे झाली तर काय होईल हे खलाश्याला कोणी शिकवावे लागत नाही. आज्ञेची एकसूत्रता ती हीच. आता हेच तत्त्व घेऊन जमिनीवर या. गावातील ग्रामसेवकाचा विचार करा. २०२४ साली त्याचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले, काम तेच राहिले. तो पंचायतीचा सचिव, म्हणून सरपंचाचे ऐकावयाचे. तो जिल्हा परिषदेचा सेवक, म्हणून गटविकास अधिकाऱ्याचे ऐकावयाचे. शिवाय निवडणूक, जनगणना, पाहणी अशी कामे आली की, आणखी तिसऱ्या खात्याची पत्रे. सकाळी एकाने बोलाविले, दुपारी दुसऱ्याने. गावकरी म्हणतात, भाऊसाहेब जागेवर सापडत नाहीत. सापडणार कसे? हा प्रश्न व्यक्तीचा नसून संघटनेच्या रचनेचा आहे, हे व्यवस्थापनाचा विद्यार्थी कागदावर आकृती काढून दाखवू शकेल. पंचायत सदस्यांनी ती आकृती पाहावी, एवढेच माझे म्हणणे. त्यात कोणाचाही अवमान नाही.

बोटीवर आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ च्या सुमारास असे मांडले की, चांगल्या व्यवस्थेत हुकूम वस्तुतः माणूस देत नाही, परिस्थिती देते. वरिष्ठ आणि कनिष्ठ या दोघांनीही ती वाचावयाची असते. वर्गात हे वाक्य फार तात्त्विक वाटते. पण भरतीची वेळ तांडेलाच्या सोयीने बदलत नाही. तांडेल ‘चला’ म्हणतो तेव्हा ते पाणी म्हणत असते, आणि खलाश्यालाही ते पाणी दिसत असते. म्हणून हुकुमाचा अपमान वाटत नाही. फॉलेटबाईंचा विचार ज्याला कठीण वाटतो, त्याने एक पहाट उत्तनच्या धक्क्यावर काढावी.

मिठागरांविषयी थोडक्यात सांगतो. पावसाळा संपल्यावर बांधबंदिस्ती करून भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवीत दाट करावयाचे आणि उन्हाने मीठ धरले की, पहिला वळवाचा पाऊस येण्यापूर्वी ते काढून रास घालावयाची. नियोजन या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला ठाऊक नाही, कारण येथे अंतिम मुदत पाळली नाही तर मुदतवाढीचा अर्ज करता येत नाही! फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात फावड्याचा अभ्यास केला होता. एका खेपेस सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल उचलला तर दिवसभरात सर्वांत अधिक काम होते, असे त्याला आढळले; म्हणून जड मालासाठी लहान आणि हलक्या मालासाठी मोठे फावडे त्याने ठरविले. १९११ साली त्याचे पुस्तक आले. टेलरचा अभ्यास जरूर शिकवावा. पण विचार करणारा वेगळा आणि राबणारा वेगळा, ही जी त्याच्या पद्धतीची धारणा आहे, ती तशीच स्वीकारू नये असे माझे मत आहे. पाण्यात मीठ केव्हा धरणार, हे मिठागरात आयुष्य काढलेला मजूर नजरेने ओळखतो. ते ज्ञान घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे नसते. त्याने ते विचारून घेतले पाहिजे.

आता भांड्यांच्या गाळ्यात येऊ. येथे मला थोडे अधिक थांबावयाचे आहे, कारण विद्यापीठातील पहिल्या धड्यांचा प्रत्यक्ष रुपयाशी संबंध येथे येतो. स्टीलच्या पत्र्याचे गोल तुकडे कापणे, दाबयंत्रावर त्यांना आकार देणे, कडा वळविणे आणि शेवटी पॉलिश, असे हे काम. पुष्कळदा ही कामे एकाच छताखाली होत नाहीत. एक गाळा आकार देतो, दुसरा मजुरीवर पॉलिश करून देतो. कार्यविभागणी म्हणजे काय, हे डोळ्यांनी दिसते.

हिशेब समजण्यापुरते काही आकडे घेऊ. समजा, एका गाळ्याचे भाडे, बांधील पगार, विजेचा ठरलेला आकार आणि कर्जाचे व्याज मिळून महिन्याला ९०,००० रुपये लागतात. भांडी विकली जावोत अगर न जावोत, हा खर्च आहेच. भांड्यांचा भाव किलोला २०० रुपये, आणि त्यातून पत्रा, मजुरी, पॉलिश वजा जाता किलोमागे ३० रुपये उरतात. म्हणजे ३,००० किलो माल विकला गेला तेव्हा कोठे गाळा ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. आता एक ठोक व्यापारी येतो आणि म्हणतो, किलोमागे पाच रुपये सोडा, तुमचा सगळा माल मी उचलतो. दोनशेत पाच म्हणजे अडीच टक्के; मालकाला ते क्षुल्लक वाटते. पण किलोमागची शिल्लक ३० वरून २५ झाली आणि त्याच रेषेवर येण्यासाठी आता ३,६०० किलो विकावे लागतील. भावात अडीच टक्क्यांची सूट दिली, कष्ट वीस टक्क्यांनी वाढले. हा हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येतो. त्याच्या वडिलांनी तो कधी कागदावर मांडलेला नसतो. आणि मुलाने तो घरी कधी करून दाखविलेला नसतो. परीक्षेतील उदाहरणात कंपनीचे नाव ‘अबक मर्यादित’ असते, त्यामुळे हे आपल्याच गाळ्याविषयी आहे, असे त्याला वाटतच नाही.

याहून मोठे दुखणे उधारीचे. पत्रा रोखीने किंवा आठवड्याच्या बोलीवर घ्यावयाचा आणि भांड्यांचे पैसे तीन महिन्यांनी यावयाचे, अशी स्थिती असेल तर ३,००० किलोंच्या हिशेबाने महिन्याला सहा लाखांचा माल, म्हणजे कोणत्याही दिवशी अठरा लाख रुपये बाजारात अडकलेले. वहीत तोटा नाही, पण शनिवारी मजुरांचे पैसे द्यावयास हातात रोकड नाही. पुस्तकात याला खेळते भांडवल म्हणतात. ते खेळेनासे झाले की, मालक सावकाराकडे जातो, व्याज वाढते, बांधील खर्च ९०,००० वरून वर सरकतो आणि आपण मघाशी काढलेली रेषाही वर जाते. गाळा बंद पडल्यावर लोक म्हणतात, मागणी राहिली नाही.

यासाठी कायदा आहे, आणि तो येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते केले पाहिजे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज देय होते. वेळेत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येऊ नये, अशी आयकर कायद्यातील तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. परंतु कायद्याचा लाभ घ्यावयाचा तर उद्योगाची नोंदणी हवी, खरेदीची लेखी मागणी हवी, माल पोहोचल्याची तारीख हवी. तोंडी व्यवहार करणाऱ्याला कायदा कोठून हात देणार? कागद नीट ठेवणे हा व्यवस्थापनाचा सर्वांत नीरस धडा खरा, परंतु गाळा वाचतो तो त्याच धड्याने. आणि येथे उपस्थित अधिकारी मित्रांना आदरपूर्वक सांगतो की, आपल्या कार्यालयातही छोट्या पुरवठादारांची देयके टेबलावर असतात. त्यांवरील तारखा एकदा पाहाव्यात.

धंदा रक्तात असावा लागतो, तो पुस्तकातून येत नाही, असे आपल्याकडे नेहमी ऐकावयास मिळते. मराठी माणसाविषयी तर हे वाक्य निकालपत्रासारखे वाचले जाते. मला ते मान्य नाही. नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमध्ये, प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ; पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. शेतकऱ्याच्या रक्तात साखर कारखाना नव्हता आणि प्राध्यापकाच्याही नव्हता. एकाजवळ माणसांची पारख होती, दुसऱ्याजवळ हिशेबाची आणि संस्थेच्या घडणीची. दोघे एका मंडळावर बसले. पुढे सहकारात काय काय झाले, त्याची चर्चा निराळी. पण विद्या आणि व्यवहार एकत्र बसले म्हणजे काय घडू शकते, याचे हे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. हा अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीतून शिकविला जातो. त्याला माझा विरोध नाही; व्यवहाराची ती गरज आहे. परंतु मुलगा जे शिकला ते घरी आईला सांगता आले नाही तर ते घरच्या धंद्यापर्यंत पोहोचणार कसे? त्याची आई बोंबील वाळवून विकत असेल, तर बर्फ, टोपली, गाडीभाडे आणि न विकलेला माल यांचा हिशेब तिच्या तोंडी असतो. कीर्द, खतावणी, येणे, देणे, शिल्लक हे शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. त्यांतील काही शब्द जड आहेत, हे मी शासनाचा नोकर असूनही मान्य करतो. जड शब्द टाकावा आणि बाजारातील शब्द घ्यावा. तत्त्व सुटता कामा नये.

अध्यापक मित्रांसमोर एक सूचना ठेवतो. दर वर्षी विद्यार्थी प्रकल्प लिहितात, आणि बहुतेक प्रकल्प मोठमोठ्या कंपन्यांविषयी, इकडून तिकडून उतरविलेले असतात. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने एक गाळा, एक बोट, एक किराणा दुकान किंवा पालिकेचा एक विभाग निवडावा आणि सलग तीन महिने, आठवड्यातून एक दिवस तेथे जाऊन बसावे. हुकूम कोण देतो, पैसा किती दिवसांनी फिरतो, माल कोठे पडून राहतो, एवढ्या तीनच गोष्टी त्याने टिपाव्यात. मालकाचे आकडे बाहेर फुटणार नाहीत, याची हमी महाविद्यालयाने लेखी द्यावी. त्याशिवाय कोणी वही उघडणार नाही, आणि का उघडावी? तीन महिन्यांनी विद्यार्थ्याने तोच हिशेब मालकापुढे मराठीत किंवा मालकाच्या भाषेत मांडावा. मालकाला त्यातील एखादी गोष्ट नवी वाटली तर प्रकल्प उत्तीर्ण समजावा.

पालिकेच्या आणि पंचायत समित्यांच्या कार्यालयांनी अशा विद्यार्थ्यांना प्रवेश द्यावा, अशी विनंती मी येथे करीत आहे. त्यासाठी परवानगीचे पत्र लागेल. ते एका पानाचे असावे, आणि सही करणारे अधिकारी रजेवर असल्यास सही कोण करील, हेही त्यात लिहिलेले असावे.